एक अधिक एक दोनच का?
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



एक अधिक एक दोन, हे आपण शाळेत पाठ केलं. दोनच का, असं विचारलं असतं तर गुरुजींची छडी बसली असती! विद्यापीठात हाच प्रश्न विचारायचा एक विषय आहे, गणिताचे तत्त्वज्ञान.

बर्ट्रांड रसेल १८९० साली केंब्रिजला गणित शिकायला गेले. तिथे परीक्षेच्या युक्त्या घोटून घेत. पाया कोणी दाखवीना. म्हणून १८९३ साली गणिताची परीक्षा देऊन ते तत्त्वज्ञानाकडे वळले. पुढे आपले गुरू व्हाइटहेड यांच्यासह त्यांनी १९१० ते १९१३ या काळात तीन खंड काढले. त्यात एक अधिक एक दोनपर्यंत यायलाच साडेतीनशेवर पानं खर्ची पडली. आणि १९३१ साली कुर्ट गोडेल या पंचविशीच्या तरुणाने दाखवलं की, अशा सुसंगत चौकटीत काही खरी विधानं सिद्ध न होता राहणारच. तथागतांनी कालामांना सांगितलं होतंच, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, नुसत्या तर्कानेही मानू नका.

याच रसेल यांच्या समाजरचनेवरील पुस्तकाचं परीक्षण बाबासाहेबांनी १९१८ साली लिहिलं. पटलं नाही तिथे खोडून काढलं. कोलंबियात अर्थशास्त्र शिकताना ते ड्युईंच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गालाही बसत.

आपल्या वस्तीतल्या एका मुलीला हा विषय शिकायचा आहे. घरचे म्हणतात, "याने पोट भरेल का?" प्रश्न खोटा नाही. आम्ही म्हणतो, आधी गणितात बी.एस्सी. करू द्या, मग तत्त्वज्ञानात एम.ए. तर्कशास्त्र संगणकालाही लागतं. पोर उपाशी मरणार नाही. फीचा भार विहार समितीने उचलावा, ही आमची विनंती. जयभीम.