पेशीचा द्वारपाल

तंजावर जिल्ह्यातील पापनाशमच्या परिसरात कावेरीच्या पाण्यावर नागवेलीचे मळे पोसले जातात. आपल्या विड्याचे पानही अशाच मळ्यातले. दोष पानाचा नव्हे. घात करतात त्याचे सोबती, तंबाखू आणि सुपारी. तो कसा, हे पेशीत डोकावल्यावरच कळते.

एका पेशीच्या दोन होतात, त्या स्वैरपणे नव्हे. काही जनुके विभाजनाला चालना देतात, काही आवर घालतात. १९७९ साली उजेडात आलेले ‘पी-५३’ हे प्रथिन म्हणजे जणू द्वारपालच. जनुकद्रव्यात बिघाड दिसताच ते विभाजन रोखते, दुरुस्तीस अवधी देते. दुरुस्ती अशक्य असल्यास त्या पेशीचा अंत घडवून आणते. तंबाखूतील विषारी द्रव्ये या प्रथिनाच्या जनुकावरच घाव घालू शकतात. मग सदोष पेशींचीच संतती वाढत जाते.

मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तंबाखू चघळणे आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध अभ्यासला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ च्या ग्रंथात सुपारीही कर्करोगकारक ठरविली.

परंतु एका घावाने कर्करोग होत नाही. घाव वर्षानुवर्षे साचावे लागतात. म्हणूनच आज टाळलेला विडा व्यर्थ जात नाही. द्वारपाल शाबूत आहे, तोवरच त्याला साथ द्यावी.