काठीवर काठी

कोजागिरी सरली की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कोलाम पोडांवर आणि गोंडांच्या वस्त्यांत ढोल घुमू लागतो. दिवाळीपर्यंत दंडार नावाचा नाच चालतो. त्या दंडारीबद्दलच आज बोलायचं आहे, पण आधी तुम्हांला ब्राझीलला नेतो.

तिथल्या बाहिया प्रांतात सांतो आमारो नावाचं उसाच्या मळ्यांचं गाव आहे. आफ्रिकेतून चाळीस लाखांहून अधिक माणसं गुलाम म्हणून ब्राझीलला नेली गेली. गुलामगिरी कायद्यानं संपली ती थेट १८८८ साली. त्या मळ्यांतल्या माणसांचा माकुलेले नावाचा काठ्यांचा नाच पुढे विसरला जाऊ लागला. तेव्हा १९४३ च्या सुमारास पोपो नावाच्या उस्तादानं घरची पोरं आणि शेजारीपाजारी जमवून तो पुन्हा उभा केला. आज दूरदूरच्या देशांत लोक दिवसभराचं काम आटोपून तो शिकायला जातात.

शिकायचं कसं? रिंगण धरायचं, दोन्ही हातांत एकेक आखूड काठी. ढोलाच्या चार मात्रा. पहिलीला समोरच्याच्या काठीवर आपली काठी, उरलेल्या तिन्हींत आपल्याच काठ्या वाजवायच्या आणि पाय चालवायचे. पहिली मात्रा हुकली की काठी बोटांवर बसते, म्हणून समोरच्यावरून नजर काढायची सोय नाही. एक जण गाण्याची ओळ उचलतो, बाकीचे झेलतात. कोपऱ्यात उभं राहून हे कळत नाही, रिंगणात शिरावंच लागतं.

दंडारीतही काठ्या आहेत, ढोल आहे, रिंगण आहे. बायकांची सोंगं घेतलेले पुरुष आहेत. एका गावची दंडार दुसऱ्या गावी पाहुणी जाते, तिथं मुक्काम करते, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. आणि घुसाडीचा नाच! मोरपिसांचा भला थोरला टोप, अंगाला राख, हातात दंड. पैनगंगेपलीकडे तेलंगणात मारलवाईचे कनक राजू यांनी हा नाच आयुष्यभर पोरांना शिकवला. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मला मनापासून वाटतं, आपल्या बाभुळगावात दंडारीचा वर्ग सुरू व्हावा. आपली मुलं गॅदरिंगला सिनेमाची गाणी बसवतात, बसवू देत. पण शेजारच्या पोडावरचा ताल त्यांच्या पायांना ठाऊक नसावा, याचं मला फार वाईट वाटतं.

एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. घुसाडी हे व्रत आहे. तो टोप देवाचा मानतात, त्याची पूजा होते. बाहियातही कांदोम्ब्ले पंथाच्या देवतांचे नाच वर्गात शिकवतात, पण देवता अंगात येण्याचा विधी देवस्थानातच राहतो. आपणही पावलं शिकावीत, काठ्या शिकाव्यात, आणि टोपाला हात लावू नये.

शिकवायला कोलाम आणि गोंड जाणत्यांनाच बोलवावं. काय शिकवायचं, काय नाही, हे त्यांनीच ठरवावं. वर्ग त्यांच्या सवडीनं ठेवावा, कारण कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांची मजुरी बुडते. आणि मानधन आधी ठरवून, वेळेवर, रोख हातात द्यावं. सत्काराची शाल आणि नारळ त्यानंतर.