कवळी ही भीक नव्हे

(पंचवटी, नाशिक येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत एका वकील बांधवाने केलेले भाषण)



ज्या पंचवटीत आपण जमलो आहोत, तिचे नाव आपल्या इतिहासात 2 मार्च 1930 या दिवसाने कोरले गेले. त्या दिवशी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो लढा देवदर्शनासाठी नव्हता, माणुसकीच्या हक्कासाठी होता. पुढे 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यात येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि त्या दाराशी उभे राहण्याचे आपले कारणच उरले नाही. परंतु सरकारी दवाखान्याचे दार तसे नाही. ते आपल्याही करातून उभे राहिले आहे. त्या दारातून आत गेलेल्या गरिबाला काय मिळते, हे मी आज एका लहानशा वस्तूच्या निमित्ताने सांगणार आहे. ती वस्तू म्हणजे कवळी.

वकिलाने दातांविषयी का बोलावे, असे कोणी विचारील. ऐका. माझ्याकडे वारसाच्या कामासाठी एक वृद्ध आई आल्या होत्या. दुसऱ्या तालुक्यातील एका मोफत शिबिरात त्यांना कवळी मिळाली होती. एकदाच माप घेतले आणि काही आठवड्यांनी तयार कवळी हातावर ठेवली. ती हिरड्यांना टोचू लागली, जखम झाली. तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले, "फुकट मिळाले आहे ना? मग कुरकुर कसली?" आईंनी ती कवळी डब्यात ठेवली आणि भाकरी दुधात कुस्करून दिवस काढले. मला त्या जखमेपेक्षा ते उत्तर अधिक झोंबले. आपल्या वाडवडिलांना ज्या भाषेत उष्टे वाढले जाई, तीच ही भाषा नव्हे काय?

चांगली कवळी एका फेरीत होत नाही. प्रथम हिरड्यांचे माप, मग वरच्या व खालच्या जबड्याचा मेळ, त्यानंतर मेणात दात बसवून तोंडात पाहणे, मग पक्की कवळी, आणि शेवटी टोचेल तेथे घासून देणे. अशा चार-पाच फेऱ्या लागतात. यातली एक पायरी गाळली, तर त्याचे दुःख म्हातारे माणूस रोज तीन वेळा भोगते. कवळीचा ॲक्रिलिक पदार्थ नीट शिजविला नाही, तर त्यात उरलेले रसायन तोंडाची आग करते. रस्त्याकडेला बसून शेजारच्या दातांना तारेने आणि लुकणाने खोटा दात चिकटविणारे लोक आहेत. तो दात निघत नाही, खाली अन्न कुजते आणि शेजारचे चांगले दातही जातात. नोंदणी नसलेल्याने दंतवैद्यकी करणे कायद्यानेच गुन्हा ठरविले आहे. तरी आपली माणसे तेथे का जातात? स्वस्त म्हणून, आणि एका बैठकीत काम होते म्हणून. पाच फेऱ्या म्हणजे सोबत जाणाऱ्या मुलाची पाच दिवसांची मजुरी. कवळीची खरी किंमत पावतीवर लिहिलेली नसते.

आता शासन काय देते ते पाहा. केंद्र सरकारच्या 2017 च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना द्यावयाच्या साधनांत कवळीचे नाव आहे. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. पासष्ट वर्षांवरील, दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना 3000 रुपये एकदाच. तिच्या यादीत चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमरेचा पट्टा यांची नावे घेतली आहेत, कवळीचे नाव घेतलेले नाही. पाहणे आणि चालणे ही गरज, आणि चावणे ही चैन, असा याचा अर्थ करावयाचा काय? हे नाव त्या यादीत यावे, अशी मागणी आपण लेखी केली पाहिजे. संविधानाच्या 47 व्या अनुच्छेदाने लोकांचे पोषण आणि आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले आहे. ज्याला चावता येत नाही, त्याचे पोषण कसे व्हावे?

"फुकट मिळाले" या उत्तरालाही कायद्यात उत्तर आहे. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध शांता या खटल्यात निर्णय दिला. जे रुग्णालय काहींकडून पैसे घेते आणि काहींना मोफत सेवा देते, तेथील मोफत रुग्णही ग्राहकच होय. सर्वांनाच मोफत सेवा देणारे रुग्णालय मात्र या कायद्याबाहेर राहते, तेथे वरिष्ठांकडे लेखी तक्रार व माहितीचा अधिकार ही साधने आहेत. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही, वकील लावावाच लागत नाही, आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. माझ्यासारख्याचे पोट भरणार नाही असा हा सल्ला आहे, तरी तो घ्या.

त्या आईंचे पुढे काय झाले? आम्ही एक साधा अर्ज लिहिला आणि त्याची पोच घेतली. त्यांना पुन्हा बोलावणे आले, आणि तीन फेऱ्यांत कवळी बसली. तोंडी रडगाण्याने जे झाले नाही, ते एका कागदाने झाले.

म्हणून घरोघरी एवढे करा. दंतवैद्याची नोंदणी विचारा. मेणातील दात तोंडात लावून पाहिल्याशिवाय पक्की कवळी घेऊ नका. केसपेपर आणि पावती जपून ठेवा. टोचली तर स्वतः कानशीने घासू नका, परत जा. रात्री कवळी काढून स्वच्छ करून पाण्यात ठेवा, उकळत्या पाण्यात नव्हे. तोंडातील जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर विनाविलंब तपासून घ्या, ती कर्करोगाची सुरुवात असू शकते. आणि भगिनींनो, मिश्री सोडा. ती दात बळकट करीत नाही, हिरड्यांचा नाश करते. याच पंचवटीत दंत महाविद्यालय आहे, दात हलू लागण्याआधी तपासून घेणे हेच सर्वांत स्वस्त.

तथागतांनी भेसज्ज, म्हणजे औषध, भिक्षूच्या चार गरजांत गणले. आजारी पडून दुर्लक्षित राहिलेल्या भिक्षूला त्यांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले. त्या भिक्षूला त्यांनी उपकाराची आठवण करून दिली नाही. संघाला मात्र त्याच्या कर्तव्याची आठवण करून दिली. आपल्या विहारातील दोन तरुणांनी दर पंधरवड्याला वृद्धांबरोबर दवाखान्यात जाण्याचे काम अंगावर घ्यावे. एकाची मजुरी बुडू नये म्हणून बाकीच्यांनी थोडे थोडे द्यावे. धम्म घरात आला, याची हीही एक खूण होईल.

जयभीम!