विज्ञानाचा शेवटचा तास

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही बँकेत कारकून. पदवी कला शाखेची. विज्ञानाशी आमचा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला. अशा माणसाने विज्ञानाच्या अभ्यासक्रमावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु जो पंगतीत उपाशी राहिला, त्यालाही जेवणाविषयी बोलण्याचा अधिकार आहेच.

महाविद्यालयात पहिल्या वर्षी विज्ञान शिकणारे विद्यार्थी दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांना पुढे त्याच विषयाची पदवी घ्यायची आहे. त्यांना गणित, अचूक मोजमाप, प्रयोगवही ही शिस्त हवीच. पाया कच्चा राहिला तर पुढचे मजले उभे राहत नाहीत. दुसरे, ज्यांचा मुख्य विषय इतिहास, मराठी किंवा वाणिज्य आहे. त्यांच्यासाठी हा बहुधा आयुष्यातील विज्ञानाचा शेवटचा तास असतो. त्या तासात त्यांना काय द्यावे, हा आजचा प्रश्न आहे.

अमेरिकेत हा प्रश्न जुना आहे. तेथे इतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही थोडे विज्ञान घ्यावे लागते. काही ठिकाणी त्यासाठी इतके सोपे वर्ग निघाले की त्यांना थट्टेने 'कवींसाठी भौतिकशास्त्र' असे नाव पडले. हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स कॉनंट हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी १९४७ च्या आपल्या पुस्तकात वेगळा मार्ग सुचविला. निष्कर्ष पाठ करून घेण्याऐवजी, हवेच्या दाबासारखा एक शोध घ्यावा आणि तो कसा लागला, कोठे चुकला, कसा सुधारला, हे दाखवावे. बाबासाहेब १९१३ साली ज्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथील कोलंबिया कॉलेजात २००४ मध्ये प्रथम वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी, मुख्य विषय कोणताही असो, विज्ञानाचा एक समान अभ्यासक्रम सुरू झाला.

हे सारे आम्हांला का महत्त्वाचे वाटते, ते सांगतो. आमच्या मातोश्रींना रक्तदाबाची गोळी चालू होती. एका तपासणीत रक्तदाब नॉर्मल आला. आम्ही घरात बसून ठरविले, आता गोळीची गरज नाही. मुलगा पदवीधर, बँकेत नोकरीला; आईने त्याचा शब्द मानला. पुढच्या पावसाळ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला. डॉक्टरांनी एवढेच विचारले, "नॉर्मल कशामुळे आला होता, याचा विचार केलात का?" केला नव्हता. गोळी बंद केली म्हणूनच झटका आला, असे ठामपणे सांगता येत नाही, हेही त्यांनी सांगितले. पण धोका आम्हीच वाढविला होता. आईचा उजवा हात आजही पूर्ण उचलत नाही.

मित्रहो, आम्हांला रक्तदाबाची व्याख्या पाठ नव्हती म्हणून हे झाले नाही. 'कशामुळे?' हे विचारण्याची सवय नव्हती म्हणून झाले.

ही सवय लावायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. दोरीला दगड बांधून लंबक करा. लांबी १ मीटर ठेवली तर एका पूर्ण हेलकाव्याला सुमारे २ सेकंद लागतात. एकच हेलकावा मोजण्यापेक्षा २० मोजा आणि भागाकार करा. आता जड दगड बांधा, लांबी तीच ठेवा. वेळ बदलत नाही. नंतर दोरी पाव मीटर करा. वेळ निम्मा होतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय बदलते ते पाहायचे. कला शाखेच्या विद्यार्थ्याला एवढे नीट मिळाले तरी पुष्कळ मिळाले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातही आता पदवीच्या विद्यार्थ्याला मुख्य विषयाच्या शाखेबाहेरचा खुला वैकल्पिक विषय घ्यावा लागतो. आमच्या वेळी ही वाट नव्हती. आमची कला व वाणिज्य शाखेच्या मुलामुलींना विनंती आहे, की कोणत्या विषयात गुण सहज मिळतात एवढेच पाहू नका. संधी असेल तर विज्ञानाचा विषय घ्या. शिक्षकांना विनंती, की या वर्गाला उरलेसुरले वाढू नका. सोपे शिकवणे वेगळे आणि पातळ शिकवणे वेगळे.

संस्थेलाही एक सूचना. आपल्यापैकी अनेकांची मुले बी.एस्सी. करीत आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार सभागृहात इतर मुलांना असा एक प्रयोग दाखवावा. शिकविणाऱ्याचाही पाया पक्का होईल. दोरी आणि दगड आम्ही आणू, आणि पहिल्या रांगेत विद्यार्थी म्हणून बसू.

जयभीम!