अनिश्चिततेचा शीण

२००६ सालच्या ऑगस्ट महिन्यात उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा फार मोठा भाग जलमय झाला. संकट भयंकर होते खरे. परंतु त्याला आरंभ होता, तसा शेवटही होता. पाणी चढले, काही दिवस राहिले आणि ओसरले. मागे उरला तो चिखल, आणि चिखल फावड्याने उपसता येतो.

त्याच तापीच्या काठी, सुरतेपासून काही कोसांवर, मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागून कामरेज हे गाव आहे. एके काळी बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातील तालुक्याचे हे ठिकाण आज सुरतेच्या वाढत्या वस्तीने जवळजवळ कवेत घेतले आहे. सौराष्ट्रातून आलेली कुटुंबे वराछा आणि कतारगाम येथे मावेनाशी झाली, तेव्हा ती सरथाणा ओलांडून कामरेजपर्यंत पसरली. यांपैकी असंख्य घरांची चूल हिऱ्यांच्या घंटीवर, म्हणजे पैलू पाडण्याच्या चाकावर, पेटते. गेली काही वर्षे या घरांवर जे संकट आले आहे, त्याची जात पुराहून वेगळी आहे.

त्याची कारणे दूरदेशीची आहेत. २०२२ साली युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि रशियन हिऱ्यांवर पाश्चात्त्य राष्ट्रांनी निर्बंध घातले. प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्याने खाणीतील हिऱ्याचा भाव खाली ओढला. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने भारतीय मालावर एकूण पन्नास टक्के आयातशुल्क लादले. मात्र कामरेजच्या कारागिराला यांतले काहीही थेट दिसत नाही. त्याला दिसते ते एवढेच की, कारखान्याची वेळ दोन तासांनी कमी झाली. आठवड्याला एक सुटी होती तिच्या दोन झाल्या. दिवाळीची सुटी लांबली आणि कारखाना उघडण्याची तारीख कोणी निश्चित सांगेना. मजुरी नगावर मिळते. नग कमी आले की पगार आपोआपच निम्म्यावर येतो. अनेकांजवळ नेमणुकीचा कागद नाही, त्यामुळे कामावरून काढल्याचा कागदही नाही. नोकरी गेली म्हणावे तर मालक थांबायला सांगतो. आहे म्हणावे तर हप्ता भरता येत नाही.

अशा स्थितीत माणसाला जो थकवा येतो, तो श्रमाचा नसतो. किंबहुना श्रम कमी झाल्यावरच तो वाढतो. घरात बसलेला माणूस संध्याकाळी दिवसभर दगड फोडल्यासारखा गळून जातो, आणि याची घरच्यांना नवल वाटते, क्वचित् चीडही येते. परंतु त्या थकव्याचे कारण खरे असते. २०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी पंचेचाळीस स्वयंसेवकांवर एक प्रयोग केला. संगणकाच्या पडद्यावरील दगड उलटायचा. खाली साप निघाला तर हाताला विजेचा सौम्य पण दुखणारा झटका बसायचा. झटका खात्रीने बसणार हे माहीत असताना मनावर जो ताण पडे, त्याहून अधिक ताण झटका बसण्याचा संभव अर्धा-अर्धा असताना पडत होता. डोळ्यांच्या बाहुल्या आणि हातांचा घाम यांवरून तो मोजला गेला. निश्चित दुःखासाठी मन एकदाच तयारी करते. अनिश्चित दुःखासाठी त्याला रोज सकाळी नव्याने कंबर कसावी लागते, आणि रोज रात्री ती न वापरताच सोडावी लागते.

आपल्या रूढींनी मृत्यूच्या दुःखाला एक चौकट दिली आहे. दहावा आहे, तेरावा आहे, वर्षश्राद्ध आहे. शेजारी पिठले-भात आणून देतात, कोणी विचारपूस करून जातो, आणि सुतक फिटल्यावर मनुष्य पुन्हा चारचौघांत वावरू लागतो. अर्धवट गेलेल्या नोकरीचे सुतक कोणी पाळत नाही. तिच्यासाठी शेजाऱ्याने काय आणावे? उलट तो माणूसच शेजाऱ्याला टाळू लागतो. कारण ‘काय, काही लागले का?’ या एका प्रश्नाचे उत्तर त्याला किती वेळा द्यावे लागेल याचा अंत नसतो.

मराठी माणसाला हा अनुभव परका नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणगावात अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. कित्येक गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजले नाहीत; पण ‘आता हे संपले, दुसरे पाहा’ असे अधिकाराने सांगणारा दिवस कामगाराच्या वाट्याला आला नाही. आज मिटेल, या दिवाळीपर्यंत मिटेल, असे म्हणत कितीतरी जण गावी जाऊन थांबले आणि त्या थांबण्यातच त्यांचे तारुण्य सरले. त्या काळातील घरे तगली ती बव्हंशी स्त्रियांच्या कष्टावर. गिरणगावात खाणावळी चालविणाऱ्या बायकांची परंपरा जुनी होती. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना संघटित केले होते. गिरणी बंद असो वा चालू, डबे वेळेवर जावेच लागतात.

या ‘वेळेवर’ शब्दात मोठा अर्थ आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचे एक गाव सर्वस्वी एका कापड-गिरणीवर जगत होते. १९२९-३० च्या मंदीत ती बंद पडली. मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तेथे राहून बेकारांच्या जीवनाचा जो अभ्यास केला, तो १९३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. आता पुस्तके वाचायला वेळच वेळ. तरी वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. शंभर पुरुषांपैकी ८८ जणांच्या अंगावर घड्याळ नव्हते. रस्त्याने जाताना पुरुष पुन्हा पुन्हा उभे राहत. स्त्रिया मात्र सरळ आणि भराभर जात, कारण घरी स्वयंपाक, धुणे, मुले ही त्यांची वाट पाहत असत. हातात पैसा दोघांच्याही नव्हता. फरक एवढाच की, स्त्रियांचा दिवस मोडला नव्हता.

म्हणून अशा काळात पहिली डागडुजी दिवसाची करावी लागते. ज्या वेळी घंटीवर बसत होतो त्याच वेळी उठावे, आंघोळ करून घराबाहेर पडावे, काम शोधण्याला सकाळचे ठरावीक तास द्यावे आणि दुपारनंतर तो विषय बंद करावा. रात्रंदिवस काम शोधणारा माणूस प्रत्यक्षात रात्रंदिवस काळजीच करीत असतो. मानसोपचारतज्ज्ञ काळजीलाही एक नेमका अर्धा तास नेमून देण्यास सांगतात. इतर वेळी ती आली तर तिला त्या अर्ध्या तासापर्यंत थांबवायचे. हे ऐकावयास पोरकट वाटते. मात्र काळजीला ‘जा’ म्हटल्याने ती जात नाही; ‘संध्याकाळी ये’ म्हटल्यास पुष्कळदा ऐकते.

दुसरी गोष्ट वहीची. घरभाडे, हप्ता, शाळेचे शुल्क, किराणा आणि देणेकऱ्यांची नावे कागदावर आली की भीतीला आकडा मिळतो. ही वही पत्नीपासून लपविण्याची पुरुषांची जी रीत आहे, ती मोठेपणाची नसून घातक आहे. त्यामुळे घरात दोन माणसे एकाच काळजीने वेगवेगळी झुरतात. किती महिने वाट पाहायची, त्यानंतर गावी परतायचे, दुसरा धंदा धरायचा की जागा विकायची, याची तारीख दोघांनी मिळून आधीच ठरवून ठेवावी. परिस्थिती शेवट देत नसेल, तर तो आपणच घालून घ्यावा लागतो. ठरलेल्या दिवशी निर्णय चुकलाही, तरी चुकीच्या निर्णयातून सावरणे अनिर्णयातून सावरण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते.

हा सारा भार एकट्या व्यक्तीच्या मनोबलावर टाकणे मात्र अन्यायाचे होईल. धीर धरा, असा उपदेश करणाऱ्यास सहसा हप्ता भरायचा नसतो. सुरतेतील रत्नकलाकारांच्या संघटनेने २०२४ च्या जुलैत आत्महत्या रोखण्यासाठी एक दूरध्वनी क्रमांक जाहीर केला. त्यावर फोन करणाऱ्यांनी मागितले ते काय? काम मागितले, मुलांच्या शुल्काची सोय मागितली, घराच्या हप्त्याला मुदत मागितली. पुढे २०२५ साली गुजरात सरकारने बेकार कारागिरांच्या मुलांच्या शुल्कासाठी साहाय्य जाहीर केले. मदत तुटपुंजी असेल. तरी मुलाची शाळा या वर्षी सुटणार नाही एवढी एक गोष्ट ज्या घरात निश्चित झाली, तेथे इतर दहा अनिश्चित गोष्टी सोसण्याचे बळ थोडे वाढते.

सोसण्यालाही मर्यादा आहे, आणि ती ओळखण्याच्या खुणा ठाऊक असाव्यात. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवणावर वासना नाही, मुलांचा आवाज सहन होत नाही, जवळच्या वस्तू वाटून टाकण्याची किंवा ‘माझ्याशिवाय तुमचे बरे चालेल’ अशी भाषा तोंडी येते. अशा वेळी माणसाला एकटे सोडू नये आणि त्याची समजूत घालण्यात दिवस दवडू नयेत. सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडे त्याला सोबत घेऊन जावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती रात्रंदिवस मिळते, आणि मराठीप्रमाणेच गुजरातीतही बोलता येते. बोलणे ज्याला जड जाते, त्याच्यासाठी क्रमांक घरातल्या दुसऱ्या कोणी फिरवून दिला तरी चालतो.