समुद्राकाठचे इस्पितळ आणि आपल्या मुली

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी मी चार शब्द बोलावेत, असा आग्रह चिटणीसबाईंनी धरला तेव्हा मी पुष्कळ आढेवेढे घेतले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. घर, गोठा आणि शेतातली निंदणी यांत आयुष्य गेले. भाषण करणे हे आपले काम नव्हे, असे मी त्यांना सांगून पाहिले. त्यावर त्या म्हणाल्या, "रोज दुपारी ओट्यावर बसून मालिकांवर तासभर बोलता, तेच इथे उभे राहून बोला." आता यावर काय उत्तर देणार? तेव्हा आज मी एका मालिकेविषयीच बोलणार आहे. बोलण्यात काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

ही मालिका आपल्यापैकी बहुधा कोणी पाहिली नसेल, कारण ती इंग्रजी आहे. तिचे नाव 'द रॉयल'. इंग्लंडात ती २००३ ते २०११ या काळात दाखवली गेली. मला इंग्रजी येत नाही, हे तुम्ही जाणताच. गेल्या दिवाळीत माझी मुलगी सुट्टीत घरी आली होती. इंग्रजी कानावर पडावे म्हणून ती रात्री लॅपटॉपवर ही मालिका लावून बसे. मी शेजारी कार्तिकासाठी वाती वळीत बसे. पहिल्या दिवशी नुसती चित्रे पाहिली. दुसऱ्या दिवशी विचारले, "ही बाई का रागावली गं?" मग ती थांबवून थांबवून मला मराठीत सांगू लागली. सुट्टी संपेपर्यंत वाती कमी झाल्या आणि मालिकाच जास्त झाली.

गोष्ट आहे साठ वर्षांपूर्वीची, म्हणजे १९६० नंतरच्या काळातली. इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशर नावाचा मोठा परगणा आहे. तिथल्या समुद्रकाठी एल्सिन्बी नावाचे एक लहान गाव आणि त्या गावात 'रॉयल' नावाचे इस्पितळ. हे गाव खरे नाही, लेखकाच्या मनातले आहे. चित्रण केले ते त्याच भागातल्या स्कारबरो या समुद्रकाठच्या शहरात. उंच कडे, खाली लाटा, वर जुनी इमारत. आपल्याकडे समुद्र कुठला? शिवना नदीला पूर आला म्हणजे आपण पुलावर उभ्या राहून पाणी पाहतो, तेवढेच. पण ते इस्पितळ पाहून मला ओळखीचे वाटले. कोणी होडीवर जखमी झालेला कोळी, कोणी शेतकरी, कोणी अडलेली बाई असे रोगी तिथे यायचे. मोठे शहर लांब. आहे त्या डॉक्टरांनी आणि आहे त्या परिचारिकांनी वेळ निभावून न्यायची. आडगावचा दवाखाना सगळीकडे सारखाच, नाही का?

त्या मालिकेत पुरुष डॉक्टर आहेत, जिल वेदरिल नावाची एक लेडी डॉक्टरही आहे. पण माझे लक्ष बसले ते मेट्रनबाईंवर. मेट्रन म्हणजे साऱ्या परिचारिकांची मुख्य. हे काम वेंडी क्रेग या नटीने केले आहे. मालिका सुरू झाली तेव्हा तिचे वय अडुसष्ट होते. ताठ चालणे, डोक्यावर पांढरी टोपी, बोलणे मोजके. तिची पावले वाजली की पोरी पदर सावरतात, म्हणजे त्यांचा पांढरा एप्रन हो! खाटेवरच्या चादरीला सुरकुती पडलेली तिला चालत नाही. पण रोग्याच्या उशाशी ती बसली की त्याच बाईचा आवाज आईसारखा होतो. त्या इस्पितळाच्या कचेरीचा कारभार पाहणारे म्हातारे गृहस्थ इयन कारमायकल या नटाने रंगवले आहेत. त्यांचे वय तर ऐंशीच्या पुढे होते. ते २०१० साली वारले.

भगिनींनो, आपल्या मालिकांतल्या साठीच्या बाया आठवून पाहा. जरीची साडी नेसून त्या दाराआड उभ्या राहतात आणि सुनेच्या दुधात काय मिसळावे याचा विचार करतात. आणि इथे सत्तरीकडे झुकलेली बाई अख्खे इस्पितळ चालवते! बाईमाणूस म्हातारे झाले म्हणजे कारस्थान करण्यापुरतेच उरते, असे आपल्याला रोज रात्री दाखवतात आणि आपणही जेवणे उरकून ते पाहतो. मी सुद्धा पाहते, खोटे कशाला बोलू?

आता मालिका ती मालिकाच. तिच्यात सारे गोड करून दाखवलेले असते. माझी मुलगी मध्येच हसून म्हणे, "आई, खऱ्या वॉर्डात असे नसते गं. इथे एका रोग्याजवळ तिघी उभ्या आहेत. आमच्याकडे रात्रपाळीला दोघींनी चाळीस खाटा पाहायच्या असतात. बसायला फुरसत नाही, मग बोलायला कुठली?" त्या मालिकेत उलटीची घाण क्वचित दिसते, रडे दिसते ते सुंदर दिसते. हे ध्यानात ठेवूनच पाहावे.

पण एक गोष्ट मात्र त्यात खरी आहे. त्या इस्पितळात आलेला कोळी पैशाची पिशवी चाचपत येत नाही. इंग्लंडात ५ जुलै १९४८ पासून सर्वांना उपचार मोफत मिळण्याची व्यवस्था सरकारने केली. बेव्हन नावाचे मंत्री होते, त्यांच्या पुढाकाराने ती झाली. लढाईनंतर तो देश स्वतः कर्जात होता, तरी केली. पुढे तिथल्या इस्पितळांना माणसे पुरेनात, तेव्हा आपल्या देशातले पुष्कळ डॉक्टर तिकडे गेले. आपल्या राज्यातही १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले आहेत. पण नुसत्या मोफत कागदाने रोगी बरा होत नाही. त्याला रात्री दोन वाजता कूस बदलून देणारे माणूस लागते. ते माणूस कोण? कोणाची तरी लेकच ना?

आता मी मुख्य गोष्टीवर येते. ती बोलायला मला थोडे जड जाते आहे.

तुमच्यापैकी अनेकींनी मला विचारले आहे, "तुमची मुलगी शहरात काय शिकते?" मी दरवेळी सांगितले, "कॉलेजात आहे." एवढेच सांगून मी विषय बदलला. कोणाला ती बँकेच्या परीक्षा देते असे वाटले, तर मी तेही वाटू दिले. माझी मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेते आहे. तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यातले दुसरे वर्ष चालू आहे. बारावीनंतर तिने हे नाव काढले तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. मुलीच्या जातीला रात्रपाळी, परक्या पुरुषांचे अंग पुसायचे, उद्या स्थळ कोण देईल, हेच माझ्या डोक्यात. यांनी होकार दिला म्हणून मी गप्प बसले, पण मनातून हो म्हटले नाही. पुढे एक चांगले स्थळ आले. त्यांनी रात्रपाळीचे ऐकले आणि पुन्हा फोन केला नाही. तेव्हा तर मी तिलाच म्हणाले, "बघ, मी सांगत नव्हते?"

दिवाळीत आम्ही मालिका पाहत होतो. मेट्रनबाई आल्या की मी हातातली वात खाली ठेवून म्हणायची, "काय बाई आहे! अशी एक गावात असली तर गाव सुधारेल." दोनतीनदा असे झाले. मग मुलीने मालिका थांबवली आणि अगदी हळू आवाजात विचारले, "आई, या खोट्या बाईला तू इतका मान देतेस. मग मी नर्सिंगला आहे, हे शेजारच्या काकूंना का सांगत नाहीस?"

भगिनींनो, माझ्याजवळ उत्तर नव्हते. कापूस हातात तसाच राहिला. ती रागावली असती तर मीही रागावले असते. पण ती रागावली नव्हती, नुसती विचारत होती.

त्या रात्री मला झोप आली नाही. पडल्या पडल्या आपण सगळ्यांनी पाहिलेली ती दुसरी मालिका आठवली, 'उंच माझा झोका'. २०१२ साली ती सुरू झाली तेव्हा आपल्या गल्लीत त्या वेळेला कोणी कोणाकडे जात नसे. रमाबाई रानड्यांची गोष्ट. लहानगी रमा चोरून अक्षरे गिरवते म्हणून आपण डोळे पुसले. घरच्या बाया तिला टाकून बोलतात म्हणून त्यांना नावे ठेवली. त्याच रमाबाईंनी पुढे वैधव्यात, १९०९ साली, पुण्यात सेवासदन उभे केले. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या मदतीला होते. सेवासदनाने मुलींना, विधवांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला धाडले. त्या काळी चांगल्या घरच्या बाईने हे काम करणे लोकांना कमीपणाचे वाटे. त्या मुलींना काय काय ऐकावे लागले असेल, याची कल्पना करा. रमाबाई १९२४ साली गेल्या. त्याला शंभर वर्षे होऊन गेली आणि मी, रमेसाठी रडणारी, माझ्याच लेकीला तेच ऐकवीत होते. मालिका पाहताना मी रमेच्या बाजूची होते. टीव्ही बंद केल्यावर मात्र मी त्या टाकून बोलणाऱ्या बायांत जाऊन बसले होते.

म्हणून आज आपल्या सर्वांसमोर मोठ्याने सांगते : माझी मुलगी नर्स होणार आहे. तिला रात्रपाळी असते, ती परक्यांच्या जखमा धुते, आणि मला तिचा अभिमान आहे. आजवर लपवले याबद्दल मी आपली क्षमा मागते. तिची मी त्याच रात्री उठून मागितली. ती म्हणाली, "झोप आता, पहाटे पाणी तापवायचं आहे." पोरीने मोठेपणा दाखवला.

आता मंडळापुढे माझी दोन मागणी आहेत. पहिली अशी की, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण दवाखान्यातल्या सिस्टर आणि आशाताई यांना मानाने बोलवावे आणि पहिले वाण त्यांना द्यावे. कोणी विधवा असेल, कोणी परजातीची असेल, तरीही द्यावे. बाळंतपणाला आपण तिची जात विचारली नाही, मग वाण देताना कशाला विचारायची? दुसरी मागणी थोडी अवघड आहे. आपल्या मुलांसाठी मुलगी पाहायला जाल आणि ती परिचारिका निघेल, तेव्हा रात्रपाळीचे नाव ऐकून उठू नका. आपल्या सासूबाई, आपले वडील दवाखान्यात पडले, तेव्हा त्या रात्री कोणीतरी जागे होते. ज्या घरातून ती जागी राहायला आली, त्या घराने तिला धाडले नसते तर आपण काय केले असते?

समुद्र मी अजून पाहिलेला नाही. मुलगी म्हणते, पहिला पगार झाला की तुला कोकणात नेते. नेईल तेव्हा नेईल. तोवर तिच्या वॉर्डाच्या दारापर्यंत एकदा जाऊन यायचे मी ठरवले आहे. डबा घेऊन, आणि दारावरच्या माणसाने कोण पाहिजे म्हणून विचारले तर सिस्टरची आई आहे असे सांगून.