व्यवसायोपचार : शिक्षण आणि सेवा



बारावीचा निकाल लागला की आम्हां प्राध्यापकांकडे पालकांची रीघ लागते. असेच एक शेतकरी गृहस्थ मुलीला घेऊन आले. म्हणाले, "सर, पोरीचा डॉक्टरकीला काही नंबर लागत नाही. यादीत हे व्यवसायोपचार म्हणून दिसतंय. दवाखान्यात धंदा शिकवतात की काय?"

त्यांना हसू नये. नावच तसे आहे. इथे व्यवसाय म्हणजे पोटापाण्याचा धंदा एवढेच नव्हे. दात घासणे, जेवणे, शाळेत लिहिणे, शेतात खुरपणे, माणूस दिवसभर जे जे करतो ते सगळे व्यवसायच. आजाराने वा अपघाताने हे सुटले, तर ते पुन्हा करता यावे म्हणून जे उपचार, ते व्यवसायोपचार.

मी विचारले, "तुमच्याकडे अर्धांगवायू झालेलं कोणी आहे?" ते म्हणाले, "थोरली वहिनीच आहे. जीव वाचला, पण भाकरी थापता येत नाही म्हणून रडते."

आता पाहा. भौतिकोपचारतज्ज्ञ हातापायांत बळ आणि हालचाल आणू पाहतो. व्यवसायोपचारतज्ज्ञ त्या हाताला करायचे काम समोर धरतो. भाकरीचेच काम घ्या. पीठ घेणे, मळणे, थापणे, उलटणे असे त्याचे तुकडे पाडून कोणता तुकडा अडतो ते शोधतो. चमच्याची मूठ धरवत नसेल तर कापड गुंडाळून ती जाड करून देतो. कपडे घालताना दुबळा हात आधी घालावा, काढताना तो शेवटी काढावा, अशा साध्या युक्त्या शिकवतो. मळणीयंत्रात सापडलेल्या हातासाठी, गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लॅस्टिकचा आधार मापाने बनवतो. पेन्सिल धरता न येणारी मुले आणि मनाच्या आजारातून उठणारी माणसेही त्याच्याकडे येतात. शिक्षकबंधूंनो, वर्गातले असे मूल 'आळशी' ठरवण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

ही विद्या आपल्याकडे रुजवली ती जन्माने अमेरिकन, पण मराठी घरात सून म्हणून आलेल्या कमलाबाई निंबकरांनी. १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी हे शिक्षण सुरू केले. १९५२ साली जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा संस्थापक देशांत भारत होता.

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र हवे. महाराष्ट्रात प्रवेशाला 'नीट' परीक्षेचे गुण लागतात. मुंबईत महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांत आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा अभ्यासक्रम आहे. शरीररचना, मज्जासंस्था, मानसशास्त्र शिकायचे, आणि शेवटी रुग्णालयात प्रत्यक्ष काम करायचे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने अशा आरोग्य-व्यवसायांना एका राष्ट्रीय आयोगाखाली आणले आहे. म्हणून मुदत, फी आणि संस्थेची मान्यता त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पडताळावी.

एक गोष्ट झाकून ठेवू नये. सरकारी जागा थोड्या आणि काम चिकाटीचे. गुण महिनोन् महिने दिसत नाही. घाई असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. मात्र रुग्णालये, विशेष शाळा, मनोरुग्णालये, स्वतःचे केंद्र अशी क्षेत्रे पुष्कळ आहेत.

इतका वेळ गप्प बसलेली मुलगी तेव्हा म्हणाली, "सर, मग आमच्या तालुक्याला असं कोणी का नाही?"

मी म्हटले, "बाळ, तालुक्यातून कोणी शिकायला गेलं, आणि शिकून परत आलं, तर असेल."

वडील काही बोलले नाहीत. जाताना मात्र त्यांनी माहितीपत्रक नीट घडी घालून खिशात ठेवले.